पानशेतचं पाणी कुठवर?

आमच्या नानांना ‘आज पाणी आलं का हो?’ असं चुकूनही विचारू नये. येतं, पण ते १२ जुलै १९६१ चं येतं. बुधवार होता, इथपासून सुरुवात. आधी आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला. लकडी पूल पाण्याखाली गेला आणि नारायण पेठेतल्या वाड्याच्या दिंडीतून पाणी चौकात शिरलं. इथवर सगळं चोख. तुमच्याकडेही असे एक नाना असणारच. त्यांचा कोयनेचा भूकंप असेल, नाहीतर बहात्तरचा दुष्काळ.

भानगड आहे ती पातळीची. मी कोथरूडला नानांच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा चौकात पाणी गुडघ्याएवढं होतं आणि बरीच वर्षं तेवढंच राहिलं. मग चढायला लागलं. एका गणपतीत कंबरेला आलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत, पार्किंगचा विषय चालू असताना, छातीला लागलं. नातवाच्या मुंजीत भर पंगतीत ते माडीच्या कठड्याला टेकलं. मठ्ठा वाढणारा मुलगा भांडं हातात धरून तिथेच अडकला आणि पुढची अख्खी रांग कोरडी राहिली. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाआड पाणी होतं. नानांचा वाडा मात्र कौलांपर्यंत बुडालेला.

तेव्हा नाना बारा वर्षांचे. कुणाचा बंब तरंगत गेला, कुणाच्या लोणच्याची बरणी शाबूत सापडली, सगळं तोंडपाठ. आणि हेच नाना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुनेला फोन करतात, ‘मी काय न्यायला आलोय गं?’ मेंटेनन्सचा चेक भरला की नाही, यावर सेक्रेटरीशी दर महिन्याला वाद. मला हाक मारतात ती माझ्या आधीच्या भाडेकरूच्या नावानं. मी ओ देतो.

मानसशास्त्रवाले म्हणतात, यात नवल काही नाही. साधारण दहा ते तीस या वयातलं म्हातारपणी जास्त ठसठशीत आठवतं, आणि माणसांची नावं आधी निसटू लागतात. शिवाय आठवण जशीच्या तशी कपाटातून निघत नाही, दर वेळी नव्यानं रचली जाते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन पुनःपुन्हा आठवायला लावली, तर ज्यानंत्यानं ती आपल्या वळणावर नेली. हे त्यांनी १९३२ साली पुस्तकात लिहिलं. नाना भेटते तर एकाच माणसावर काम भागलं असतं.

पण नानांचं पाणी चढायला लागलं ते काकू गेल्यावर, हे कुठल्या पुस्तकात नाही. काकू होत्या तोवर नाना जरा कंबरेकडे सरकले की आतून, भाजी चिरता चिरता, आवाज यायचा, ‘गुडघ्याएवढं! सासूबाई सांगायच्या.’ नाना उसळायचे, ‘तू होतीस का तिथे? तू तेव्हा साताऱ्यात लंगडी खेळत होतीस!’ पण पाणी ओसरायचं. आता मुलाला ऑफिस, सुनेला ऑफिस, नातू कानात बोंडं घालून बसलेला. अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर पाणी थांबेल कशाला?

माणूस वैतागवाणा आहे, यात वाद नाही. तरीही पूर सुरू झाला की मी खुर्ची ओढून बसतो, हे बायकोनं पकडलंय.

परवा ते पुन्हा कौलांवर पोचले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गुडघ्याएवढंच हो, नाना.’

नाना भडकले. ‘तू होतास का तिथे? तू तेव्हा साताऱ्यात...’ मग अडखळले. माझ्याकडे नीट बघितलं. चक्क माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. आणि भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशा आवाजात म्हणाले, ‘बरं, मांडीपर्यंत धर. त्याच्या खाली मी यायचा नाही.’