साखरेचा उतारा

शिरोळ तालुक्यात साखर वाढण्याच्या दोन तऱ्हा. कारखान्याचा उतारा बारावर गेला की पेढे वाटायचे, आणि माणसाची साखर वाढली की दीक्षित सुरू करायचे. नरसोबाच्या वाडीतले आमचे शेजारचे काका यंदा दुसऱ्या यादीत आले.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं सोपं आहे. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण उरका, मधे तोंड बंद. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची: प्रत्येक खाण्यापाठी इन्शुलिन उठतं, त्याला दिवसातून दोनदाच उठवावं. गोड कमी करा, असंही दीक्षित सांगतात. तेवढ्यात काकांना दत्ताच्या आरतीची घंटा ऐकू आली असावी.

काकांनी घड्याळ धरलं, ताट सोडलं नाही. भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी यांत चाळीस मिनिटं जातात. उरलेली पंधरा बासुंदीची. मिनिटं मोजली, वाट्या कुणी मोजायच्या? रात्री पालखीनंतर हातावर पेढा पडतो. "प्रसादाला आहार म्हणू नये," काका दटावतात. कवठाची बर्फी तर फळातच धरलेली. चालणं मात्र नेमानं, घाटापासून पेढ्याच्या दुकानापर्यंत आणि परत.

गुरुवारी दुहेरी उपास, दत्ताचा आणि दीक्षितांचा. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच व्हायची. पण तो उपासाला चालतो, मग रक्ताला का चालू नये?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना परस्पर जेवण टाळलं, तर घाटाच्या पायरीवरच डोळ्यांपुढे अंधारी यायची. गोळ्यांचं गणित डॉक्टरांकडून बदलून घ्यावं, मगच उपास.

परवा काका एचबीए१सी करायला गेले, आदल्या दिवशी कडकडीत निर्जळी करून. पण ही चाचणी पडली चित्रगुप्ताच्या घरची. ती एका दिवसाचं पुण्य बघत नाही, तीन महिन्यांची सरासरी काढते. साडेसहापासून मधुमेह धरतात. काकांचा आकडा नऊ.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काका म्हणाले, "कारखान्यापेक्षा तीननं कमीच आहे की!"