आधी बापाचे सामने मोजा

ऑस्ट्रेलियातली माणसं एकंदरीत भाबडी दिसतात. बापाच्या जागेवर पोराला बसवायचं, एवढी साधी गोष्ट. पण त्यासाठी त्यांनी नियम केला, तो कागदावर लिहिला आणि वर त्याला अटीही घातल्या. आमच्या वाशिम जिल्ह्यात हेच काम सतरंजी अंथरून, हार-नारळ आणून अर्ध्या तासात उरकतं, आणि लिहून काहीच ठेवावं लागत नाही.

तिकडे एक देशी फुटबॉल आहे. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचं, एका बाजूला अठरा गडी, आणि फुटबॉल असूनही चेंडू हातात घेऊन पळायला मोकळीक. आमच्या माणसाला पहिली दहा मिनिटं हा सामना आहे की तहकूब झालेली ग्रामसभा, ते कळणार नाही. दरवर्षी नव्या पोरांची क्लबांमध्ये वाटणी होते. गेल्या मोसमात जो क्लब तळाला राहिला, त्याने पहिला पोरगा उचलायचा. म्हणजे हरणाऱ्याला आधी वाढायचं! असली पंगत आपल्याकडे कुणी ऐकलेलीही नसेल.

पण या सरळ वाटणीत एक चोरवाट ठेवलेली आहे. बाप ज्या क्लबाकडून खेळला, त्या क्लबाचा पोरावर पहिला हक्क. १९४९पासून हा पिता-पुत्र नियम चालू आहे. सुरुवातीच्या काळात त्याचा लाभ झाला रॉन बरासी या पोराला. त्याचा बाप मेलबर्न क्लबाचा खेळाडू, १९४१ साली तोब्रुकच्या लढाईत मारला गेलेला. पोरगा बापाच्याच क्लबात आला आणि पुढे त्या खेळाचा महापुरुष झाला. इथपर्यंत कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं अशी गोष्ट आहे. मग व्यवहार सुरू झाला. जिलाँग क्लबाचं दैवत म्हणजे गॅरी अ‍ॅब्लेट. त्याचा त्याच नावाचा मुलगा २००१ साली क्लबाला चाळिसाव्या क्रमांकावर मिळाला, म्हणजे बाजार उठताना उरलेल्या भाजीच्या भावात. या उरलेल्या भाजीने पुढे सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा आणलं. २००६ साली त्याच क्लबाने टॉम हॉकिन्सला बापाच्या पुण्याईवर एक्केचाळिसाव्या क्रमांकावर उचललं. बाकीचे क्लब बोंबलले. तेव्हापासून बोली आली. दुसऱ्या कुणी पोराची किंमत लावली, तर बापाच्या क्लबाने तेवढी मोजायची, नाहीतर पोरगा सोडायचा. २०२१ साली निक डेकॉससाठी कॉलिंगवूड क्लबाला चौथ्या क्रमांकाची किंमत मोजावी लागली.

आणि सगळ्यात मोठा भाबडेपणा पुढेच आहे. बापाने त्या क्लबाकडून किमान शंभर सामने खेळलेले असले पाहिजेत. नव्व्याण्णव भरले, तर पोरगा इतर पोरांसारखा रांगेत.

आता आमच्या जिल्ह्यातल्या रिसोडला या. पुंडलिकराव गवळी १९९६ला वाशिमचे खासदार झाले. त्यांच्या कन्या भावनाताई १९९९पासून २०१९पर्यंत सलग पाच वेळा लोकसभेवर गेल्या. तिकडे आमदार सुभाष झनक, त्यांच्यानंतर चिरंजीव अमित झनक. २०२४च्या विधानसभेला रिसोडमध्ये हे दोन्ही वारसे एकमेकांसमोर उभे राहिले आणि अमितभाऊ जिंकले. लोकशाहीत मतदार राजा असतो म्हणतात; रिसोडच्या राजाला त्या दिवशी राजपुत्र हवा की राजकन्या, एवढंच मुख्यतः विचारलं गेलं. तरी बरं, या दोघांच्याही घरी बापाचे सामने भरपूर आहेत. पुढाऱ्याचा सामना म्हणजे सभागृहातलं भाषण, असा समज तुमच्या पुण्या-मुंबईकडे असेल. आमच्याकडे सामना म्हणजे उन्हाळ्यातली दाट तिथी. एका दिवसात अठरा लग्नं, अठरा मांडवांत अक्षता, चार ठिकाणी बुंदी ‘घ्याच साहेब’ म्हणून ताटात पडलेली, आणि संध्याकाळी दोन मयतींची भेट. या हिशेबाने आमचा साधा जिल्हा परिषद सदस्यसुद्धा एका वैशाखात शंभरी गाठतो. ऑस्ट्रेलियावाल्यांना त्यासाठी पाच-सहा वर्षं लागतात.

कारंज्यात मात्र हा नियम तुटला. भाजपचे आमदार राजेंद्र पाटणी २०२४च्या फेब्रुवारीत वारले. नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव ज्ञायक उभे राहिले ते शरद पवारांच्या पक्षाकडून, आणि बापाच्या पक्षाने तिकीट दिलं सई डहाके यांना, म्हणजे दिवंगत माजी आमदार प्रकाश डहाके यांच्या पत्नीला. त्याच निवडून आल्या. ऑस्ट्रेलियाच्या भाषेत सांगायचं तर बापाच्या क्लबाने बोली मोजली नाही, पण म्हणून बाहेरचा गडी आणला असंही नाही. शेजारच्या घरचा वारसा उचलला. पिता-पुत्र नियम तुटला तरी घराणं-नियम अबाधित राहिला.

तसे आम्ही संकुचित नाही. वाशिम लोकसभेने १९७७ला वसंतराव नाईक दिले आणि १९९८ला त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक. काका-पुतण्या ही या नियमाची खास महाराष्ट्र आवृत्ती आहे. तिचे पुढचे भाग आपण अलीकडे दूरदर्शन न लावताही पाहतोच आहोत. नाही म्हणायला मधे १९८० साली गुलाम नबी आझाद नावाचा काश्मिरी तरुण, ज्याच्या सात पिढ्यांनी वाशिमात एक पानसुपारीसुद्धा खाल्ली नव्हती, तो इथून खासदार झाला. पण त्या काळी पक्षात बाप नसे, आईच असे, आणि ती दिल्लीत असे.

असो. विषय खेळाचा आहे.

खेळात भानगड अशी की मैदानावर धावफलक नावाचा एक उद्धट इसम उभा असतो. तो आडनाव वाचत नाही. सुनील गावसकरांनी चिरंजीवाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं; रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ हे तीन फलंदाज एकाच बारशात उरकले. वर स्वतःचं आडनाव. चार मोठ्या फलंदाजांचं ओझं पाळण्यात घालून पोराला सांगितलं, आता खेळ. बापाच्या ३४ कसोटी शतकांसमोर रोहन अकरा एकदिवसीय सामने खेळला, कसोटी एकही नाही. आणि रणजी खेळायला त्याला मुंबई सोडून बंगालात जावं लागलं. अर्जुन तेंडुलकरही मुंबई सोडून गोव्याला गेला. तिथे २०२२च्या डिसेंबरात पहिल्याच रणजी सामन्यात शतक मारलं, बापाने १९८८च्या डिसेंबरात मारलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अर्ध्याहून अधिक जागा बापालाच! पोरगा मुळात डावखुरा गोलंदाज आहे, हे सांगायला शेवटचा परिच्छेद उरला.

मला या सगळ्यांत कानिटकरांचं घर आवडतं. हेमंत कानिटकर १९७४ला दोन कसोटी खेळले. मुलगा हृषीकेश, ज्याने १९९८ला ढाक्यात सकलेन मुश्ताकला चौकार मारून आख्ख्या देशाला नाचवलं, तोही दोनच कसोटी खेळला. त्यातली पहिली मेलबर्नला, जिथे त्या अ‍ॅब्लेट-बरासी मंडळींचा फुटबॉल चालतो त्याच मैदानावर. बापाला दोन, पोराला दोन. भावकीत वाटणी व्हावी तर अशी, मोजणीवाला बोलवायचीसुद्धा गरज नाही.

आमच्या शंकरपटातही खोंडाचा बाप कोण, हे विकत घेणारा आधी विचारतो. पण धुरकरी जोडी सोडतो तेव्हा बक्षीस ठरतं घड्याळावर. बापाचं नाव सांगून एक सेकंदही कमी होत नाही.

घड्याळ आणि धावफलक यांच्या या जाचातून सुटायचा मार्ग शेवटी हुशार लोकांनी शोधलाच. मैदानात उतरायचं नाही, कार्यालयात चढायचं! तिथे शंभर सामन्यांची अट उलटी लागते: बापाने एकही खेळलेला नसला तरी चालतं, नसला तर बरंच. अरुण जेटली दिल्लीच्या क्रिकेट संघटनेचे बरीच वर्षं अध्यक्ष होते, नंतर चिरंजीव रोहन अध्यक्ष झाले. अमित शहा गुजरात क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. चिरंजीव जय २०१९ला देशाच्या मंडळाचे सचिव झाले आणि २०२४च्या डिसेंबरात जगाच्या मंडळाचे, म्हणजे आयसीसीचे, अध्यक्ष. इथे पोराने बापाचा विक्रम मोडला हे मान्य करावंच लागेल. गावसकर-तेंडुलकरांच्या घरात हे जमलं नाही. आपले शरद पवार तर मुंबईपासून आयसीसीपर्यंत सगळीकडे अध्यक्ष राहिले, आणि त्यांच्या भावाचे नातू रोहित पवार महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. पण पवारांवर ‘खेळाशी संबंध काय’ असा आरोप कुणी करू नये. त्यांचे सासरे सदू शिंदे भारतासाठी खरोखर सात कसोटी खेळले, लेगस्पिनर होते. सासरा-जावई नियमाचं हे बहुधा जगातलं एकमेव उदाहरण असावं. ऑस्ट्रेलियाने त्याचा अभ्यास करायला हरकत नाही.

कबड्डीत तर त्याहून गंमत. जनार्दनसिंह गेहलोत अखिल भारतीय संघटनेच्या गादीवर दशकानुदशकं होते. मग स्वतः तहहयात अध्यक्ष झाले आणि चालू अध्यक्षपदी पत्नी आली. २०१८ला दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही बाद ठरवलं. कबड्डीत चढाईला दम फक्त तीस सेकंद पुरवायचा असतो. या घराने किती पुरवला बघा.

या दमाच्या खेळातला आमचा एक जुना गडी पुसद नाक्यावर रोज सकाळी भेटतो. गावच्या व्यायामशाळेचा डावा कोपरारक्षक. हिंगोलीपासून मूर्तिजापूरपर्यंत मॅटवर नव्हे, तुडवलेल्या काळ्या मातीत खेळलेला. गुडघ्यांचा आवाज अजून लांबून येतो. शंभर सामने त्याचे दोन-तीन हंगामांतच झाले असणार. मी त्याला ऑस्ट्रेलियाचा नियम समजावून सांगितला.

“म्हंजे भाऊ, मी खेयलो म्हनून माह्या पोट्ट्याले घेतीन?”

“घेतील काका. पण पुरावा लागेल, शंभर सामन्यांचा.”

“पुरावा? सामना झाल्यावर शिल्डावर नाव टाकत होते पाटलाच्या बापाचं. आपल्याले एक टावेल अन् नारय.”

पुराव्याचंच सगळं आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि मध्यंतरी ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं बोगस निघाली होती. आयुष्यात कधी फूटभर उडी न मारलेल्यांनी थेट नोकरीत उडी मारली. काकांच्या पोराकडे प्रमाणपत्र नाही, तेव्हा तो खरा खेळाडू असण्याची दाट शक्यता आहे. सध्या पहाटे पाचला तो रिसोड रोडवर पळतो. एकटा नाही, त्या रस्त्यावर पहाटे एवढी पोरं पळतात की ट्रकवाले हॉर्न वाजवायचं सोडून मोजायला लागतात. आमच्या जिल्ह्याचा खरा राष्ट्रीय खेळ कबड्डी नाही आणि क्रिकेटही नाही, पोलीस भरती आहे. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, एकूण पन्नास गुण. त्याला प्रेक्षक नाहीत, समालोचन नाही आणि या खेळातून निवृत्ती वय उलटल्यावर मिळते.

या खेळात हरलेल्यांतही मोठी माणसं आहेत. नागपूरकडचा उमेश यादव आधी पोलीस शिपाई व्हायला निघाला होता, ते जमलं नाही. मग विदर्भाकडून खेळून कसोटीत उतरलेला पहिला खेळाडू झाला. त्याचे वडील कोळसा खाणीत कामाला होते. पिता-पुत्र नियम तेव्हा कसून लावला असता, तर आज खाणीला एक उत्तम वेगवान मजूर मिळाला असता.

आणि ज्यांच्या बापाने खरंच जग जिंकलं, त्यांचं काय? १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी स्वतंत्र देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. प्रवासाचे पैसे उभे करायला त्यांच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. २०१७ला खाशाबांच्या मुलाने जाहीर केलं की गावी कुस्ती अकादमी होत नसेल तर वडिलांचं पदक लिलावात काढतो. आता १५ जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिनी, राज्य क्रीडा दिन साजरा होतो. भाषणाला अध्यक्ष असतात. अध्यक्षांना चिरंजीव असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हा नियम वाशिम जिल्ह्याला लागू करा, पण अटीसकट. लग्न, मयत, फ्लेक्सवरचा फोटो आणि फीत कापणं वगळून बापाचे शंभर सामने दाखवा, मगच पोराला जागा. आणि दुसऱ्या कुणी जास्त किंमत लावली तर मोजा. सगळ्या क्षेत्रांना लावा: संघटना, बँका, सूतगिरण्या, शाळांच्या संस्था. विशेषतः शाळांच्या संस्था.

काकांना मागणी पसंत पडली, फक्त एक शंका राहिली.

“सगळ्या क्षेत्रायले लावान तर मंग वावरालेबी लावसान का?”

“शेतीला तर तो नियम कायमचाच आहे काका. बापाचे शंभर सामने कधीच भरलेत.”

“थेच म्हनतो मी. पोट्ट्यावर वावराचा पयला हक्क हाये, हे कबूल. पन थो दुसरा कलब बोली लावते म्हनता न तुमी? पाच वर्सं झाले पोट्टा पयून रायला, कोनी बोलीच लावत नाही. अन् लगनाच्या बाजारात त वावर हाये म्हनलं का पोरीवाले चहाबी पेत नाही.” त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायची तयारी केली. “तुमच्या थ्या ऑस्ट्रेलियावाल्यायले एक डाव इचारा बरं, सोयाबीन सोंगाले गडी भेटत नाही, त थे अठराच्या अठरा पाठवतीन का?”