तुमचा हुकूम आम्ही अजून पाळतो

सर हेन्री ट्वायनम,
माजी गव्हर्नर, मध्यप्रांत व वऱ्हाड, यांस

पत्राच्या सुरुवातीला 'स. न. वि. वि.' लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुम्हाला ते लिहिणार नाही. तुम्ही हयात नाही हे ठाऊक असूनही पत्र तुमच्याच नावाने लिहिते आहे, कारण चिमूरच्या बायकांनी मागितलेली चौकशी तुमच्या सरकारने नाकारली. ती अजून झालेली नाही.

मी बल्लारपूरची. इथून चिमूरला जायचे तर चंद्रपूर, भद्रावती, वरोरा, शेगाव अशी एस.टी. जाते. तुम्हाला या गावांची नावे फायलींतून माहीत असतील. आम्हाला ती सोयरिकीतून माहीत आहेत. चिमूरची सून बल्लारपूरला येते, बल्लारपूरची लेक चिमूरला जाते, आणि माणसांबरोबर न बोललेल्या गोष्टीही या घरातून त्या घरात जातात.

१६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्या घरांत तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही, शेतात नांगर चालत नाही. जिवाला इजा होऊ नये म्हणून पाळायचा हा दिवस. त्याच दिवशी 'चले जाव' आंदोलनातल्या चिमूरच्या मिरवणुकीवर गोळी चालली. बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पडला. जमाव बिथरला आणि डुंगाजी, सोनवणे, जरासंध हे अधिकारी व एक शिपाई मारले गेले. ते खून होते. त्यांच्यावर मी पांघरूण घालत नाही, कारण पांघरूण घालण्याविरुद्धच हे पत्र आहे.

तीन दिवसांनी, १९ तारखेला, तुमची फौज गावात आली. पुरुष सापडतील तसे पकडले गेले, उरलेले रानात पळाले. घरांत राहिल्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरे. त्यानंतर गावात जे घडले त्याला आमची पुस्तके 'अत्याचार' म्हणतात आणि लगेच पुढच्या ओळीवर जातात. ते बलात्कार होते. दारे फोडून, एकेका घरात शिरून केलेले. दादीबाई बेगडे नावाची बाई तुमच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हे सैनिक आवरा म्हणाली. ज्या गावात पुरुषाने मान वर केली तर बेडी पडत होती, तिथे ती बोलली. सर, तुमच्याकडे तक्रार आली नव्हती असे कुणी म्हणू नये. ती पहिल्याच दिवसांत आली, तोंडावर आली आणि एका बाईच्या तोंडून आली.

नागपूरहून रमाबाई तांबे आणि इतर बायका चिमूरला गेल्या, बायकांजवळ बसल्या, त्यांचे बोलणे लिहून आणले. हिंदू महासभेचे डॉ. मुंजेही जाऊन आले. चौकशी करा, एवढेच मागणे होते. तुमच्या सरकारने ती नाकारली. मग सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा बापूजी अणे होते, आमच्या नदीपलीकडच्या वणीचे. तुम्ही चिमूरला चला, असे भन्साळींनी त्यांना विनवले. अणे गेले नाहीत. ११ नोव्हेंबरला भन्साळींनी अन्न सोडले. त्रेसष्ट दिवस! त्या उपोषणाची बातमी छापायची नाही असा हुकूम निघाला, म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशभरच्या वर्तमानपत्रांनी अंक बंद ठेवले. १२ जानेवारीला उपोषण सुटले, बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मात्र नाहीच.

याच गावासाठी तुमच्याकडे खास न्यायालय होते. साक्षीपुरावे होते, फाशीच्या शिक्षा होत्या, गावावर लाख रुपयांचा सामुदायिक दंड होता. अधिकाऱ्यांच्या मरणाचा हिशेब तुम्ही पैपैने मांडलात. बायकांच्या शरीरावर जे झाले त्यासाठी एक कारकून, एक टेबल, एक कोरा कागदही निघाला नाही.

चिमूरला मी नरसंहार म्हणत नाही. पण नरसंहारात बायकांशी जे केले जाते, त्याचा पाठ चिमूरने ओळखीचा करून ठेवला आहे: आधी पुरुष वेगळे काढायचे, मग सगळ्या गावाला बायकांच्या शरीरातून शिक्षा द्यायची. १९७१ ला पूर्व बंगालमध्ये तेच झाले. तिथल्या नव्या सरकारने त्या बायकांना 'वीरांगना' म्हटले, आणि त्यांना स्वातंत्र्यसैनिकांचा दर्जा द्यायला २०१५ उजाडले. रवांडात १९९४ ला तेच झाले. ताबा गावचा मेयर अकायेसू याच्यावर अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला उभा राहिला तेव्हा आरोपपत्रात 'बलात्कार' हा शब्दही नव्हता. साक्षीला आलेल्या बायका आपणहून बोलल्या. नवी पिल्ले या न्यायपीठावरच्या एकट्या स्त्री न्यायाधीश होत्या. आरोपपत्र बदलले गेले, आणि २ सप्टेंबर १९९८ ला जगात पहिल्यांदा निकाल लागला की बलात्कार हाही नरसंहाराचा भाग असतो. ऐकणारे कुणी समोर बसले की काय होते ते अरुशाच्या त्या खोलीत दिसले. चिमूरला तसे कुणी बसवायचे नाही, हे तुमच्या सरकारने ठरवले होते.

आता आमच्याविषयी लिहिते. १९४७ नंतर ही चौकशी आम्ही करायला हवी होती. कागद आमच्या हाती आले, गाव आमचे होते, त्या बायका पुढे कितीतरी वर्षे जिवंत होत्या. आम्ही दर १६ ऑगस्टला हुतात्म्यांना फुले वाहतो आणि ते योग्यच आहे. पण अशाच एका कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत बसले होते. फाशीची शिक्षा झालेल्यांची, तुरुंगात गेलेल्यांची नावे वाचली गेली. मग वक्ते म्हणाले, "आपल्या माताभगिनींनीही खूप सोसले," आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदर तोंडाला लावला. सर, तुमचा हुकूम आम्ही अजून पाळतो आहोत.

पाटीवर त्या बायकांची नावे कोरा, असे मी म्हणत नाही. ज्यांनी आपले नाव झाकून ठेवले त्यांचे नाव उघडे करायचा हक्क कुणालाच नाही. दादीबाई उघड बोलल्या, त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत हवे. बाकीच्यांसाठी निदान ते दिवस तरी तारखेनिशी लिहा, आणि 'बलात्कार' हा शब्द लिहा. आणि विचारा. पुरुष तुरुंगात असताना त्या वर्षीचा रोवा कुणी लावला? लाखाच्या दंडासाठी कुणाच्या अंगावरचे काय गेले? चंद्रपूरच्या तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन कोण उभी राहायची? कुणाला माहेरी धाडले, आणि कुणाला माहेरानेही घरात घेतले नाही? विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या मुलींनो, दिल्लीच्या अभिलेखागारात जाच, पण त्याआधी चिमूर, मूल, सिंदेवाहीच्या पडव्यांत बसा. घाई करा, कारण त्या बायकांच्या सुनाही आता ऐंशीला टेकल्या आहेत. आणि जाता-येता चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात, मुलचेरा-चामोर्शीच्या बंगाली गावांतही थांबा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उठून आलेल्या आज्या तिथे आहेत. त्यांनाही घर, जमीन, रेशन यापलीकडचे कुणी विचारलेले नाही.

माझ्या गल्लीत चिमूरच्या घरातली अशी एक सून राहते. तिची सासू बेचाळीस साली चिमूरला होती. वयाने थकली तरी नागपंचमी झाली की चार दिवस ती संध्याकाळीच आतून कडी लावायची. मग स्वयंपाकघरातला दगडी पाटा दोन्ही हातांनी ओढत आणायची आणि दाराला टेकवून ठेवायची. घरातल्या कुणी कधी कारण विचारले नाही. पाटा ओढल्याचे पांढरे ओरखडे शहाबादी फरशीवर अजून आहेत. मी बोट फिरवून पाहिले.

त्या दिवशी माझी वही उघडी होती. तिने वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "सासूचं नाव नोको लिवू बाई. पन झालं थे लिव."

मी नावाची जागा कोरी सोडली आणि खाली तारीख घातली.

बल्लारपूर