१२८ बाइटांचा संसार
जुन्या कन्सोलसाठी आज नवा गेम लिहिणाऱ्याला लोक स्मृतिरंजनात रमलेला समजतात. साफ चूक. तो मुळात कंजूष असतो, आणि तोही खानदानी. जुन्या आठवणींत रमणारा माणूस जुना गेम लावतो, अर्धा तास खेळतो, उसासा टाकतो आणि जेवायला उठतो. आमच्या गड्याला अटारी २६०० हवा असतो तो त्याच्या कंगालपणासाठी. १९७७ साली आलेल्या या यंत्राची रॅम १२८ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. एवढ्यात लग्नपत्रिका लिहायला घेतली, तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव' इथवर येईतो ११९ बाइट संपतात. उरले नऊ. मुलाचं नाव नुसतं राम असलं, तरी अलीकडची मोकळी जागा धरून दहा लागतात. म्हणजे पत्रिका बिननवऱ्याचीच छापावी लागणार. इतक्या जागेत हा मनुष्य गेम चालवतो.

बरं, चित्र साठवायलाही यंत्रात जागा नाही. टीव्हीवर रेघ उमटत असतानाच तिच्यात काय हवं ते चित्राच्या चिपला सांगायचं आणि एका रेघेचं काम प्रोसेसरच्या ७६ ठोक्यांत उरकायचं. अमेरिकन टीव्हीवर सुमारे १९२ पानांची ही पंगत सेकंदाला साठ वेळा उठते आणि वाढपी एकटा. तो उशिरा पोचला तर पान रिकामं राहत नाही; मागच्या पानावरचीच भाजी पुढच्या पानावर दिसते. म्हणून मग ठोक्याठोक्याचा हिशेब. रजिस्टरमध्ये शून्य आधीच असेल, तर ते पुन्हा भरणारी सूचना उडवायची. दोन बाइट वाचले! हा आनंद घरात कोणाला सांगण्याजोगा नसतो.

यावर शहाणे लोक विचारतात, की लिहितो गलेलठ्ठ लॅपटॉपवर, तपासतो जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर, मग ही गरिबी नाटकीच नाही का? आहेच, पण उपवास भरल्या घरातच करतात, धान्य नसलेल्या घरात होते ती उपासमार. १९८२ च्या अटारीवरच्या 'पॅक-मॅन'ची भुतं सारखी लुकलुकतात. तिथे प्रोग्रॅमसाठी कार्ट्रिजमध्ये जागा चार किलोबाइट होती आणि गेम बाजारात आणायचा होता. पुढे हौशी मंडळींनी तोच गेम तेवढ्याच चार किलोबाइटांत पुन्हा लिहिला. त्यांच्यामागे विक्रीखात्याचा तगादा नव्हता, आणि मला वाटतं, बाइटांपेक्षा हीच चैन मोठी.

गेम निदान खेळता तरी येतो; डेमो नुसता बघायचा, यंत्राकडून त्याच्या जन्मदात्यांनाही न सुचलेलं करून घेतलेलं. ही नसती उठाठेव म्हणावी, तर फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला, म्हणजे असे डेमो रचणाऱ्यांच्या जगाला, आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. काटकसरीला एवढा सरकारी मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. तरी या माणसाचा खरा स्वभाव कळतो तो शेवटी, सगळं बसवून तीन बाइट शिल्लक राहतात तेव्हा. कंजुषाने खूश व्हावं; याची झोप उडते. १९८० च्या 'ॲडव्हेंचर'मध्ये वॉरन रॉबिनेटने आपलं नाव एका गुप्त खोलीत लपवलं, कारण कंपनी गेम लिहिणाऱ्याचं नाव देत नसे. आमच्या गड्याला कोणीही अडवलेलं नसतं. तरी हा त्या तीन बाइटांत आपली रोमन आद्याक्षरं कोंबतो, पडद्यावर कधीच न येणारी, आणि मग गाढ झोपतो.