जाळी तुंबली बघा

मराठी घरात जमिनीला भोक दिसलं की त्याचा अर्थ एकच: पाणी इथून जातं. मोरी असो, बाल्कनी असो, कोपऱ्यात एक गोल नाहीतर चौकोनी जाळी असते आणि घरातलं रांगतं पोरही तिच्याकडे बोट दाखवून 'पाणी' म्हणतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसांच्या हॉलमध्ये, ऐन मधोमध, चकचकीत पितळी झाकण बसवायचं आणि त्याखाली २३० व्होल्ट ठेवायचे, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याने जन्मात कधी लादी पुसलेली नसणार.

आमच्याकडे ही कल्पना इंटिरिअर डिझायनरच्या पावलांनी आली. मुलगी गोड होती. लॅपटॉपवर आमचाच हॉल आम्हाला ओळखू येणार नाही असा दाखवत म्हणाली, "काकू, सोफा भिंतीला चिकटवायचा नाही. त्याला फ्लोट होऊ दे." आमच्या हॉलची रुंदी बघता सोफा तरंगायला लागला तर आम्ही बुडणार हे दिसत होतं. पण नूतनीकरणाच्या काळात घरमालकाला मत नसतं, फक्त चेकबुक असतं. तरंगत्या सोफ्याशेजारी उंच दिवा आला, दिव्याला वायर आली, आणि जमिनीवरून सरपटत जाणारी वायर बघून त्या मुलीच्या चेहऱ्यावर असा भाव आला की मीच ओशाळले. तेव्हा ठरलं, प्लग पॉइंट जमिनीतच.

तिचंही सगळंच चूक नव्हतं. अमेरिकेत या प्रकाराला रीतसर परंपरा आहे. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे राहत्या खोलीत भिंतीलगतची कुठलीही जागा प्लग पॉइंटपासून ६ फुटांपेक्षा लांब असून चालत नाही, कारण तिकडे टेबललॅम्पची वायर साधारण तेवढीच असते. आता भिंतीच्या जागी जमिनीपर्यंत काचच असेल तर पॉइंट काढायचा कुठे? जमिनीत. मात्र तो भिंतीपासून १८ इंचांच्या आत असेल तरच हिशेबात धरतात. खोलीच्या मधोमध हवा असेल तर तो तुमच्या हौसेचा भाग. शिवाय त्या जमिनीवर बहुधा गालिचा असतो, गालिच्यावर मशीन फिरतं, आणि माणसं खुर्चीत बसतात.

आपण जमिनीवर राहतो. गहू तिथे निवडतो, पापड तिथे लाटतो, पाहुण्यांच्या गाद्या तिथे पडतात, हळदीकुंकवाची सतरंजी तिथे पसरते, नैवेद्याच्या पानाभोवती रांगोळी तिथेच निघते. रोज सकाळी केरसुणी, तिच्यामागून ओलं फडकं, आणि दिवाळीच्या आधी बादल्याच्या बादल्या ओतून खराट्याने घर धुणं. अशा जमिनीत वीज ठेवायची तर झाकण बनवणाऱ्याला वायरिंगआधी आपलं पंचांग यायला हवं.

आमच्याकडे आलेलं झाकण 'पॉप-अप' जातीचं होतं. वितभर चौकोनी पितळी पत्रा, कडेला एक खटका. खटका दाबला की दोन सॉकेटचा ठोकळा टण्णकन वर यायचा. पहिला आठवडा आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तो करून दाखवला. शेजारच्या आजोबांनी दाबून बघितला, दचकले, पुन्हा दाबला.

मग कामाच्या मावशींनी लादी पुसली. त्या दिवशी फरशीवर दूध सांडलेलं, म्हणून त्यांनी पाणी जरा सढळ हाताने घेतलं आणि वायपरने ते सगळं, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्या पितळी चौकोनाकडे लोटलं. पाणी झाकणाभोवती जमा झालं आणि तिथेच थांबलं. मावशींनी वायपरच्या कडेने झाकणावर दोनदा ठोकून पाहिलं आणि मला हाक मारली, "ताई, जाळी तुंबली बघा!"

मी हॉलमध्ये पोचायच्या आत घरातले पंखे, फ्रिज, मिक्सर सगळं एकदम गप्प झालं. मुख्य बोर्डातला ईएलसीबी पडला होता. बँकेत कॅश काउंटरवर बसलेल्या कुणालाही हे यंत्र पटकन कळेल: गेलेला करंट आणि परत आलेला करंट जुळवत बसायचं, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की कारण न विचारता काउंटर बंद. मावशी वाचल्या त्या या खडूस कॅशियरमुळे. झाकणाने त्यात काडीची मदत केली नव्हती.

वायरमनला बोलावलं. त्याने स्क्रू काढून ठोकळा उचलला आणि आतलं दर्शन घडवलं. तेवढ्या दिवसांत त्या फटीत एका घराचा सगळा इतिहास साठला होता. मोहरी, साबुदाणा, गुलाबी रांगोळीचा ओला गोळा, कुंकू लागलेला एक लांब केस, उदबत्तीची राख, आणि स्प्रिंगच्या अगदी शेजारी आडवी पडलेली केसांतली काळी पिन. मुंग्यांनी वसाहत केली होती ती वेगळीच. वायरमनने पिन चिमटीत धरून उजेडात उलटसुलट केली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली.

इथून हा विषय माझ्या नवऱ्याच्या ताब्यात गेला. हे टूलरूममधून निवृत्त झालेले. निवृत्त टूलरूमवाल्याला घरात न बसणारं झाकण मिळणं याला योगच लागतो. त्यांनी मेन बंद केलं, पॉइंटला टेप मारली आणि अभ्यासाला बसले.

रोज जेवताना मला एकेक ज्ञानकण मिळू लागला. अशा वस्तूंवर 'आयपी' लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ आणि बोटं यांचा, तो ० ते ६. दुसरा पाण्याचा, तो ० ते ९. आयपी ४४ म्हणजे चहूबाजूंनी पाणी शिंपडलं तरी चालेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत घातक इतकं पाणी शिरत नाही. मी म्हटलं, हॉलमध्ये एक मीटर पाणी झालं तर सॉकेट शाबूत आहे का हे बघायला मी खाली वाकणार नाही.

पण त्यांचा जीव जडला तो बोटावर. आंतरराष्ट्रीय मानकांत बोटाचं एक अधिकृत मॉडेल आहे. १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, मधे माणसासारखेच दोन सांधे. हे बोट प्रत्येक फटीत घालून बघायचं, धोकादायक भागाला टेकलं तर वस्तू नापास. लहान मुलांसाठी वेगळं बोट. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचं तर जेमतेम ५.६ मिलिमीटरचं. कुणीतरी गंभीर चेहऱ्याच्या माणसांनी कमिटीत बसून जगातल्या समस्त उपद्व्यापी पोरांचं बोट ठरवलंय, या गोष्टीने मला फार बरं वाटलं. आमच्या नातीचं बोट या मानकात बसतं का हे पाहण्यासाठी ह्यांनी व्हर्निअर कॅलिपर काढला. नातीने कॅलिपर चावला.

अमेरिकेतली यूएल ही संस्था जमिनीतल्या झाकणांची लादी घासायच्या पाण्याने वेगळी परीक्षा घेते, हे ऐकून मावशी खूश झाल्या. "मग तिथली बाई पण हॉलमध्ये पाणी ओतते का?" त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं की परीक्षा प्रयोगशाळेत होते. मावशींचा उत्साह ओसरला.

खरी गोम या आकड्यांच्या पलीकडे आहे आणि ती कुठल्याही दुकानदाराला विचारली की तो विषय बदलतो. बहुतेक झाकणांवरचा आकडा झाकण बंद असतानाचा असतो. सॉकेट मात्र वापरायचं ते झाकण उघडून! जुन्या पद्धतीच्या पितळी झाकणांना आटे असतात, नाण्याने फिरवून ती काढायची. बंद असताना एकदम भक्कम. पण दिवा लावायचा म्हणून एकदा काढलेली ती चकती कुठे ठेवतात? खिशात, ड्रॉवरमध्ये, फ्रिजवर, आणि शेवटी कुठेच नाही. पुढची दहा वर्षं सॉकेट आ वासून वर बघत राहतं. सुरक्षित झाकण उघडत नाही आणि उघडतं ते झाकण सुरक्षित राहत नाही, यामुळे जगभरात या धंद्यात इतकी मॉडेलं निघतात.

यावर उतारा आहे. सॉकेट जमिनीच्या पातळीखाली, आडवं बसवायचं, म्हणजे प्लग लावल्यावरही वरून झाकण मिटतं आणि वायरीपुरती एक लहान खाच उघडी राहते. मग हाच प्रकार आमच्याकडे का नाही बसवला? कारण त्याला खोली लागते. फ्लॅटमध्ये स्लॅब आणि लादी यांच्यात माल असतो तो दोन-अडीच इंच. त्यात पाइप, डबा, सॉकेट आणि आपला तीन पिनांचा धिप्पाड प्लग एवढं सगळं मावेना, आणि स्लॅब फोडायचा तर खालच्या मजल्यावर वेगळंच झाकण उडायचं. परत आजकाल नुसता प्लग कुठे असतो, त्याच्या जागी चार्जरची वीट असते. ती कुठल्याच झाकणाखाली मिटत नाही.

दरम्यान बाल्कनीत ह्यांच्या झाकणांचे नमुने तयार होत होते. पहिलं झाकण लाडवांच्या डब्याचं होतं, खालून कुकरची रिंग. पाण्याचा टिपूस आत जात नव्हता आणि झाकणही निघत नव्हतं. शेवटी उलथनं घालून काढलं तेव्हा माझं उलथनं वाकलं. नंतरच्याला बिजागरी होती आणि बोटभर उंच काठ होता. पाणी अडायचं, पण त्या काठाने आधी ह्यांच्या, मग माझ्या, मग पेपरवाल्याच्या पायाचा अंगठा फोडला. पेपरवाला बिल घ्यायला आत आला होता, त्याने सुट्टे न मागताच काढता पाय घेतला.

प्रत्येक नमुना मावशींपुढे जायचा. आधी ही पद्धत नव्हती. एके दिवशी त्या नुसत्या उकिडव्या बसून फडकं फिरवत होत्या आणि हे बघत उभे होते, तेव्हा ती सुरू झाली. फडकं बिजागरीच्या टोकाला अडकलं, दोरा निघाला. मावशी न बघता म्हणाल्या, "काका, कोपरा टोचतोय." ह्यांनी पटकन वही काढली. त्यानंतर मावशी बोलायच्या आणि माजी टूलरूमप्रमुख लिहून घ्यायचे. कोपरे गोल पाहिजेत. फट नखाएवढीसुद्धा नको, रांगोळी बसते. काठ हवा, पण उतरता, फडकं वरून घसरून गेलं पाहिजे. पायाच्या अंगठ्याने उघडता येईल असा खटका बिलकूल नको, कारण जे अंगठ्याने उघडतं ते पोर आधी उघडतं. पितळ नको, दर गुरुवारी घासायला लागतं आणि घासलं की पुन्हा जाळीसारखं दिसतं.

"आणि काका," त्या एकदा फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "ह्यात लाइट चालू आहे का बंद, मला खालून कसं कळणार?"

हे तीन दिवस गप्प होते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असतं, या गोष्टीचं परदेशातून आलेल्या पाहुण्यांना अप्रूप वाटतं. जमिनीतल्या पॉइंटच्या बाबतीत मात्र डिझायनरने बटणाला सुट्टी दिली होती, कारण जमिनीत बटण दाबायला वाकायचं कोण. ते बटण भिंतीवर न्यायला कुणी अडवलं होतं? वायरमन पुन्हा आला. हॉलच्या दारापाशी, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, जमिनीतल्या पॉइंटचं बटण आलं, त्याच्या शेजारी लाल इंडिकेटर. सॉकेट शटरवाली घेतली. पॉइंटही चालण्याच्या वाटेतून काढून सोफ्याच्या पायाशी सरकवला, त्यासाठी चार लाद्या फुटल्या. नव्या लाद्यांचा रंग जुन्यांशी जुळत नाही, त्यामुळे सोफ्याला आता तरंगायची परवानगी नाही, तो त्या लाद्यांवरच ठाण मांडून आहे. झाकण स्टीलचं, करड्या रंगाचं, गोल कोपऱ्यांचं, रबरी पट्टीचं. मावशी आल्या की आधी दारापाशी लाल दिवा विझवतात, मगच बादली आत आणतात. ईएलसीबी तेव्हापासून पडलेला नाही.

बातमी सोसायटीत पसरली. गेल्या रविवारी वरच्या मजल्यावरचा एक तरुण मोजपट्टी घेऊन आला. त्याच्याकडेही तीच डिझायनर येऊन गेली होती आणि सोफा तरंगायच्या बेतात होता. त्याने झाकणाचे फोटो काढले, आयपी आकडा विचारला, मटेरिअल विचारलं, शेवटी म्हणाला, "काका, मला पण अगदी असंच करून हवंय. कुठून सुरुवात करू?"

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमच्याकडे लादी कोण पुसतं?"

तो विचारात पडला. "म्हणजे... येतं कुणीतरी. मी तेव्हा मीटिंगमध्ये असतो."

"मग त्यांना पाठव," हे म्हणाले, आणि वहीचं नवं पान उघडलं.