संगणकाचा खाडा

घरचा संगणक आपोआप बंद पडला की पहिली पायरी म्हणजे आरोपी ठरवणे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या घरात हे काम तीन भाषांत उरकता येते: मराठीत धाकट्या पोराला, कन्नडमध्ये लाईटवाल्यांना आणि दख्खनीत ज्याने यंत्र गळ्यात मारले त्याला. पुरावा नंतर गोळा करावा. नाही केला तरी चालतो.

दुसरी पायरी, डब्यावर थाप. हिने कधीकधी गुण येतो, कारण ढिली वायर तेवढ्यापुरती जागेवर बसते. त्यामुळे थापेवरची श्रद्धा वाढते आणि वायर ढिलीच राहते.

दोन्ही विधी झाले की भिंतीवरचे कालनिर्णय उतरवावे. दुधाचे खाडे मांडतात तिथेच संगणकाचाही खाडा फुलीने मांडावा. शेजारी वेळ आणि त्या घटकेला घरात-गल्लीत काय चालले होते ते लिहावे. विंडोज स्वतःही 41 क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद करते, पण तिचा सूर पंचनाम्याचा: यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते नाही. एवढे तर घरातल्या आजीलाही दिसलेले असते.

फुल्या दुपारच्या असतील, यंत्र लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पडत असतील आणि महिना वैशाखाचा असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. इथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचला की आधी चाल मंद करतो. तेवढ्याने भागले नाही तर जीव वाचवायला यंत्र बंद पाडतो. घरचे ज्याला दगा म्हणतात ते त्याचे स्वसंरक्षण असते. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राशीच्या दिवसांत तुरीचा भुसा कुठल्याही मानांकनाविना हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतो आणि उष्णता कोंडतो. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने तो झाडावा. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, तुरीच्या दाण्याएवढी. चमचाभर लावणारे उदार हात घरोघरी असतात. त्यांना लांब ठेवावे.

झाडताना पाल सापडली तर लाजू नये. 1947 मध्ये हार्वर्डच्या मार्क-2 संगणकाच्या रिलेत पतंग सापडला होता आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. पाल चिकटवायची गरज नाही.

फुली दर वेळी संध्याकाळी, दिवे मिचकतात तेव्हाच पडत असेल, तर खिडकीतून शेजारच्या पिठाच्या गिरणीकडे बघावे. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते आणि 230 व्होल्टचा दाब क्षणभर कोसळतो. वीज पुरती तुटली तर संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, जेमतेम 16 मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे. म्हणून यूपीएस. पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, मग तो नुसता टीं-टीं करत संगणकासोबत मान टाकतो. त्याला साठ वॉटचा बल्ब जोडून भिंतीतला प्लग काढावा, बल्ब किती वेळ तगतो ते मोजावे. एसएमपीएसवर संशय असेल तर दुसरा लावून बघावा. त्याचा डबा घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त दाब दबा धरून बसलेला असू शकतो. इथे मात्र विनोद नाही.

सुरू होऊन चार-पाच सेकंदांत न चुकता बंद पडत असेल, तर चालू करायचे बटण आत अडकले आहे का पाहावे. चार सेकंद दाबून धरलेले बटण म्हणजे सक्तीने बंद हो असा हुकूम. यंत्र तो इमानाने पाळते.

महिनाअखेरीस कालनिर्णय पुन्हा खिळ्याला लागते. दूधवाला हिशेबाला येतो, गिरणीच्या वेळच्या अकरा फुल्या बोट ठेवून मोजतो आणि दारातूनच ओरडतो की एवढे खाडे त्याने केलेलेच नाहीत.