टर्बोचं तेल आणि ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’

अभिनंदन! तुम्ही बंगळुरूत टर्बो गाडी घेतली आहे. शोरूमवाल्याने टॉर्कचा आकडा सांगितला होता, आणि तो आकडा तुम्ही सध्या आउटर रिंग रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अनुभवत आहात. आता तेल बदलायची वेळ आली आहे. घाबरू नका. खालच्या पायऱ्या क्रमाने पाळा. मधली पायरी गाळल्यास फळ मिळणार नाही.

साहित्य

गाडी एक. फडकं एक (जुना बनियन चालेल). गाडीचं मॅन्युअल एक. हे ग्लव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच सापडेल. ते इतक्यात उघडू नका. उघडलंत तर ही मार्गदर्शिका इथेच संपेल, आणि आम्हाला अजून बरंच ज्ञान वाटायचं आहे.

पायरी १: सल्ले गोळा करा

साताऱ्याचे काका फोनवर सांगतील, ‘ट्वेंटी-डब्ल्यू-फिफ्टी घाल. जाड तेल म्हणजे इंजिनाला आधार.’ काकांच्या अ‍ॅम्बेसेडरपुरतं ते खरंही होतं. ऑफिसातला सहकारी शर्यतीच्या गाड्यांचं तेल सुचवेल. तो स्वतः मेट्रोने येतो. जे. सी. रोडवरचा दुकानदार तुमच्याकडे न बघताच म्हणेल, ‘सार, सेमी-सिंथेटिक साकु,’ म्हणजे तेवढं पुरे. अपार्टमेंटच्या ग्रुपवर भांडण होईल आणि ते पार्किंगवर जाऊन थांबेल. चार माणसांकडून पाच उत्तरं मिळाली की ही पायरी पूर्ण झाली असं समजा.

पायरी २: टर्बोचा धाक घ्या

एक्झॉस्टच्या गरम वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतलं. आजच्या छोट्या पेट्रोल गाडीत हा दांडा मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढचा वायू असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. बहुतेक गाड्यांत मधे बॉल बेअरिंगही नसतं. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल वेळेवर पोचलं नाही, किंवा उष्णतेने त्याचा कोळसा होऊन वाट बुजली, की दांडा धातूवर घासतो आणि टर्बो जातो. या शहरात घरमालक, रिक्षावाला, बसमधला शेजारी सगळे ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’, म्हणजे ‘जरा जमवून घ्या’, म्हणतात. टर्बोचं बेअरिंग म्हणत नाही.

गाडीचा मालक मात्र पहिल्यापासून अ‍ॅडजस्ट करत आला आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिलने जेटफायर ही टर्बो गाडी आणली. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून तिच्या वेगळ्या टाकीत पाणी आणि मेथिल अल्कोहोलचं मिश्रण भरावं लागे. नाव भारदस्त होतं: टर्बो रॉकेट फ्लुइड. लोक ते भरायचंच विसरू लागले. शेवटी कंपनीने कितीतरी गाड्यांतले टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले.

पायरी ३: डब्यावरचे आकडे वाचा

डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं काहीतरी असेल. ही एसएई या संस्थेची प्रतवारी. ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा. ५डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. बंगळुरूत आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश, तेही १३ जानेवारी १८८४ ला. तेव्हा ०डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्याआधी पुन्हा १८८४ उजाडलं तरी काय होईल याचा विचार करा. मॅन्युअलने ०डब्ल्यूच मागितलं असेल तर मात्र विचार न करता पैसे मोजा.

डॅशच्या पुढचा आकडा गरम तेलाचा. १०० अंशांना ३० चं तेल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक घट्ट असतं, ४० चं १२.५ ते १६.३. आणि काकांना हे सांगा: थंड तेल गरम तेलापेक्षा नेहमी घट्टच असतं. १०० अंशांना ११ च्या आसपास असलेलं ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना ६० च्या आसपास असतं. म्हणजे सकाळी सेल्फ मारताना तुमच्याकडे ‘जाड तेल’ आधीच आहे. ते आणखी जाड केलं, तर टर्बोला त्याची वाट पाहत थांबावं लागेल.

पायरी ४: अक्षरं वाचा

एपीआय या अमेरिकी संस्थेच्या प्रतीत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. दुसरं अक्षर पुढचं, तेवढी प्रत नवी: एसएन २०१० ची, एसपी २०२० ची, एसक्यू २०२५ ची. एसीईए या युरोपीय संस्थेच्या प्रतीतही ‘सी’ आहे, पण तो डिझेलचा नाही. तो सायलेन्सरच्या वाटेवरचे कॅटॅलिस्ट आणि फिल्टर जपणाऱ्या, कमी राख करणाऱ्या तेलाचा. दोन्ही ‘सी’ एकाच डब्याच्या पाठीवर छापलेले असू शकतात.

टर्बोवाल्याला एसपीचं महत्त्व हेब्बाळ उड्डाणपुलावर कळतं. चौथा गिअर, १५०० फेरे, मागून हॉर्न, आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवता. अशा वेळी, विशेषतः थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. फार जोरात पेटलं तर पिस्टनही फुटतो. तेलातली कॅल्शियमची डिटर्जंट याला हातभार लावतात, म्हणून नव्या तेलांत त्यांची जागा काही प्रमाणात मॅग्नेशियमने घेतली. एसपी तेलाला या आगाऊ पेटण्याची आणि टायमिंग चेन झिजण्याची चाचणी पार करावी लागते. तुमच्यासाठी चाचणी एकच: गिअर खाली घ्या.

पायरी ५: ‘फुल्ली सिंथेटिक’पुढे नतमस्तक व्हा, मग उठा

बेस ऑईलचे, म्हणजे डब्यातल्या मूळ तेलाचे, पाच गट आहेत. रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं पीएओ हे तेल चौथ्या गटात. तिसरा गट कच्च्या तेलातूनच येतो, फक्त हायड्रोजनच्या साहाय्याने फार बारकाईने शुद्ध केलेला. याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून डब्यावरच्या सोनेरी अक्षरांत नेमका कोणता गट आहे ते डबा सांगत नाही. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. ‘अमुक मानकाची मान्यता’ आणि ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ यांतली पहिली ओळ गाडी कंपनीची, दुसरी तेलवाल्याच्या आशावादाची.

पायरी ६: किलोमीटर विसरा, तास मोजा

टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२३ च्या वाहतूक निर्देशांकात मध्य बंगळुरूत १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागत होती. या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे सुमारे ४७० तास. तेच अंतर पुण्याच्या हायवेवर ८० च्या वेगाने कापलं, तर १२५ तास. दोन्ही गाड्यांचा ओडोमीटर सारखाच. शिवाय जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि ओल तेलात उतरते आणि तेल पातळ होतं. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ नावाचा वेगळा, लवकरच्या बदलाचा तक्ता असतो. तो वाळवंटातल्या लोकांसाठी आहे असं समजून आपण पान उलटतो. तो सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीसाठी आहे.

पायरी ७: डिपस्टिक

सपाट जागा, गरम इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, मग बनियन वापरा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणं ही उदारता इंजिनाला झेपत नाही, तेलाला फेस येतो. तेल काळं दिसलं म्हणून संपलं असं नव्हे. ते मळ धरून ठेवतंय, तेच त्याचं काम. नंदी हिल्स चढून वर पोचल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवा. बेसमेंटमध्ये रांगत उतरल्यावर ठेवू नका. टर्बो केव्हाच निवलेला असतो, फक्त शेजारी तापतात.

पायरी ८: जुनं तेल

गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. तेल बदलून देणाऱ्या गॅरेजला तसं विचारा. बेळ्ळंदूर तलावाने २०१७ मध्ये तुमच्या मदतीशिवायही पेट घेतला होता. रिकामा डबा कापून टाका, नाहीतर तो भरून परत विकायला येईल.

पायरी ९: आता मॅन्युअल उघडा

शेवटच्या काही पानांत एक चौकट आहे: घट्टपणाची प्रत, एपीआय किंवा एसीईएची प्रत, लागलीच तर कंपनीचं स्वतःचं मानक, आणि किती लिटर. चार ओळी. त्यांत बसणारं तेल खात्रीच्या दुकानातून, पावतीसह, सील तपासून घ्या. कोणत्या ब्रँडचं, यावर पुढची दहा वर्षं वाद घाला. टर्बोला त्याने फरक पडत नाही. त्या चार ओळींपैकी एक जरी चुकली तर पडतो. आणि दुकानदार ‘साकु’ म्हणाला, तर पान उघडून त्याच्यासमोर धरा आणि म्हणा, ‘साकागल्ल’, म्हणजे पुरणार नाही. एवढं कन्नड प्रत्येक टर्बोवाल्याला यायलाच हवं.